घागरवालीची कल्हई

एकदा मी एका फ्रेंच मुलीला कल्हई करून घेतली.

नीटच वाचलंत. पातेल्याला करतात तीच कल्हई. मुलगी ब्राँझची होती, हातभर उंच, कमरेवर घागर, मान जराशी मागे वळलेली. पाणी भरून निघताना कुणीतरी नाव घेऊन हाक मारावी आणि ओळखीचा आवाज असावा, तशी. अंगाचा रंग जुन्या गुळाचा. सावलीत काळा, उजेडात आतून तांबूस. तो रंग तिच्यावर किती वर्षं मुरत होता कोण जाणे. मी तो एका दुपारीत उतरवला आणि वरून स्वतःवर खूश झाले. वय एकोणीस. अक्कल किती, ते तुम्हीच ठरवा.

आज ती माझ्यासमोर बसली आहे. बसली कसली, उभीच आहे. तिला बसायची सोय तिच्या कारागिरानेच ठेवली नाही. मल्हारगंजातलं आमचं घर रिकामं केलं तेव्हा पुतण्या, धाकट्या दिरांचा मुलगा, तिला तांदळाच्या पोत्यात गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन, शहराच्या नव्या भागात, पलासियाला, माझ्या तिसऱ्या मजल्यावर आला. "काकू, ही तुमची. आई नेहमी म्हणायची, हिच्यावर काकूंचा हक्क आहे." हक्क म्हणे! चोराचा मालावर असतो, तेवढा.

नातीने पोतं सोडवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "आजी, ही चांदीची आहे का?"

मी हसले. हसता हसता ठसका लागला, मग पाणी, मग "तू आराम से बस", मग पाठ चोळणं. त्या प्रश्नाचं मला काय झालं ते तिला कुठून कळणार?

चांदीची नाही, आणि आता धड कल्हईचीही राहिली नाही. नाकाचा शेंडा, गुडघा, घागरीचा काठ इथून कथील झिजून गेलंय आणि खालून पिवळट धातू डोकावतोय. बाकी अंग राखाडी, भांडी घासायच्या दगडासारखं. नात तिला आडवी करून खालून बघायला लागली, तर घागरीतून दोन गव्हाचे दाणे टपकले, पोखरलेले, फुंकर मारली तर उडतील असे. मी नाक तिच्या मानेपाशी नेलं. इतक्या वर्षांनी कल्हईच्या नवसागराचा वास राहत नाही, हे मला समजतं. तरी आला.

त्या वासाच्या मागे मागे गेलं की मल्हारगंजाची सकाळ लागते. दुकानांच्या लाकडी फळ्या एकेक करून निघायच्या, त्यांचा खट्‌खट् आवाज गल्लीच्या त्या टोकापासून आमच्याकडे येत जायचा. कोपऱ्यावर पोह्यांचं पातेलं वाफेवर चढायचं, बडीशेपेचा वास थेट माडीवर. जिलबीवाल्याचं तूप तापायचं. दूधवाल्याची सायकल, टांग्याच्या घोड्याचं फुरफुरणं, समोरच्या हलवायाची नोकराला पहिली शिवी, आणि मग आमच्या घरात, माडीवरच्या ओसरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून, मामंजींचा आवाज:

"काय बाईसाहेब, बरं आहे ना?"

हे मला नसे. सासूबाईंनाही नसे. हे घागरवालीला असे.

मामंजी म्हणजे माझे सासरे. संस्थान होतं तोवर ते दरबारच्या फरासखान्यात दारोगा होते. गालिचे, झुंबरं, तंबू, आरसे, पुतळे, या सगळ्यांची निगा राखणारं ते खातं. मग संस्थान गेलं आणि मध्यभारत आला, मग तोही गेला आणि मध्यप्रदेश आला. मामंजी म्हणत, "आम्ही जागचे हललो नाही, पत्ता मात्र दोनदा बदलला." फरासखाना आवरायला काढला तेव्हा घागरवाली कुणालाच नको होती, कारण तिच्या घागरीच्या काठाला पोचा होता. "दारोगासाहेब, तुम्हीच घेऊन जा," असं कुणीतरी वरचं म्हणालं, आणि इतकी वर्षं हजार वस्तू पुसलेल्या माणसाच्या घरी त्यातली एक आली. तीही पोचा असलेली. मामंजी तिला टांग्यात शालीत घालून घेऊन आले, असं सासूबाई सांगत. पुढे म्हणत, "मला आणलं तेव्हा शाल नव्हती."

मी लग्न होऊन आले तोवर मामंजींचे डोळे गेल्यातच जमा होते. काचबिंदू. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, आणि तेही एखाद्या दिवशी कळायचं, एखाद्या दिवशी नाही. सूनमुख बघायच्या वेळी सासूबाईंनी आरसा धरला, मामंजींनी वाकून आरशात बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "वा!" त्यांना काहीही दिसलं नव्हतं. मी मात्र पुढे महिनाभर त्या "वा"वर तरंगत होते.

खोटं ते फार सुंदर बोलायचे. वरणात माझ्या हातून मीठ दोनदा पडलं, तर म्हणाले, "आज वरणाला बाणा आहे." मी गाणं गुणगुणले, तर म्हणाले, "थांबू नका, कबुतरं ऐकतायत." कबुतरं उडून गेली होती, त्यांच्या पंखांचा आवाज मला आला होता आणि त्यांनाही आला असणार.

नवा प्रांत झाला, राजधानी भोपाळला गेली, आणि तिच्यामागे कचेऱ्या, कपाटं, कारकून सगळं गेलं. त्यात आमचे हेही गेले. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. महिन्यातून एकदा यायचे, अंगाला रेल्वेच्या कोळशाचा वास घेऊन. तिकडे राहायला जागा मिळेपर्यंत मी मल्हारगंजात. धाकटे दीर शिकायला बाहेरगावी. घरात मी, सासूबाई, मामंजी आणि ती.

मामंजींचा सकाळचा फेरा ठरलेला. खाटेवरून उठले की हात भिंतीला, मग दाराची चौकट, मग देवळी, मग घागरवालीचं डोकं. तिच्यापासून उजवीकडे चौकात उतरणारा जिना, डावीकडे स्वयंपाकघर. ती त्या घराच्या चौरस्त्यावर उभी होती म्हणा ना. पण ते नुसते रस्ता विचारत नसत. डोक्यावरून हात मानेवर, मानेवरून खांद्यावर, मग घागरीच्या काठावरचा पोचा अंगठ्याने चाचपून बघायचा, आहे ना जागेवर. "बरं आहे ना?" मग तोच हात घेऊन पोह्यांच्या बशीपाशी.

"आधी तिची विचारपूस," सासूबाई म्हणायच्या, "आम्ही काय इथे भाड्याने राहतो?" पण त्यांनीच तिला माहेश्वरी लुगड्याच्या तुकड्याचा पदर केला होता, कारण त्या मुलीचा एक खांदा उघडा होता आणि समोरून चार लोक यायचे-जायचे. संक्रांतीला काळा तुकडा, चैत्रात मोतिया. देपालपुराहून, सासूबाईंच्या बहिणीकडून, नवे गहू आले की पहिली मूठ तिच्या घागरीत पडायची. "रिकामी घागर घेऊन उभी राहू नये बाईमाणसाने," एवढंच कारण. रंगपंचमीला गल्लीच्या तोंडावरून गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, जायची, ढोल असे वाजायचे की आमच्या फडताळातल्या कपबशा नाचायच्या, आणि रंगाचा लाल ढग छपरांवरून आत यायचा. तिला सासूबाई आधीच चादरीने झाकून ठेवत. तरी एका वर्षी थोडा गुलाल तिच्या कानामागे जाऊन बसला, तो कुणी काढला नाही. ब्राँझच्या कानामागे तो गुलाबी ठिपका इतका शोभायचा की मीही तसाच लावून बघितला. सासूबाई म्हणाल्या, "तोंड धू."

आता माझ्या हुशारीकडे येते.

रंगपंचमी होऊन गेली होती. सासूबाई बहिणीकडे देपालपुराला गेल्या होत्या. तिथे गहू खळ्यावर होता आणि घरात लग्न होतं. घर माझ्या हाती. पहिल्यांदा. चाव्यांचा जुडगा कमरेला लावून मी विनाकारण जिना चढत-उतरत होते, तो वाजावा म्हणून. त्या आठवड्यात मामंजींचं पोट बिघडलं. का बिघडलं ते आज विचाराल तर सांगते, सासूबाई नाहीत असं बघून ते कोपऱ्यावरची कचोरी मागवून खात होते. पण मी मॅट्रिकला आरोग्यशास्त्र घेतलेली मुलगी. मी शोध लावला.

घागरवालीच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत आणि घागरीच्या बुडाशी हिरवट झाक होती.

माहेरी आईने मला बाराखडीच्या आधी एक गोष्ट शिकवली होती, असं म्हटलं तरी चालेल: पितळ-तांब्याला हिरवं दिसलं की ते कळकलं. कळकलेल्यात ताक ठेवलं तर माणूस मरतं. हिरवं दिसलं की कल्हई. यात चर्चा नाही. आणि इथे माझे सासरे रोज सकाळी त्या हिरव्यावरून हात फिरवून त्याच हाताने पोहे खात होते! आंधळा माणूस, त्याला कोण सांगणार? मला गलबलून आलं. खरंच आलं, खोटं नाही बोलत. मी त्यांना वाचवायला निघाले होते.

एकदा आडून विचारलंसुद्धा. "मामंजी, तिला कधी काही लावायचं नसतं का? चिंच वगैरे?"

"काही नाही, सूनबाई. पाणीसुद्धा नाही. तिला हाताचं तेल पुरतं."

मी मनात म्हटलं, बिचारे. जुनी माणसं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीत हाक आली, "कलईऽऽ करा लोऽऽ!" मामंजी जेवून पडले होते. मी दोन पातेली, एक परात आणि पदराखाली तिला घेऊन खाली उतरले. कल्हईवाल्याने लिंबाखाली खड्डा करून भट्टी पेटवली होती. पातेली ठेवून घेतली. मग तिला बघितलं.

"भाभीजी, ये क्या है?"

"कलई करनी है."

"वो तो समझा. पर इसमें पकाओगे क्या?"

"तुम करो ना भिया."

"अंदर से करूँ के बाहर से?"

"बाहर से. सगळीकडून. पूरी."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "घर में पूछ लिया ना?"

मी कमरेचा जुडगा वाजवला. "घर में अभी मैं ही हूँ."

झालं. त्याने आधी तिचा माहेश्वरी पदर काढून माझ्या हातात दिला. घागर उलटी केली, गहू मातीत सांडले, एक चिमणी लगेच आली. मग ओली वाळू आणि काथ्या घेऊन तो तिला घासायला बसला. चहाच्या गाळासारखं तपकिरी पाणी तिच्या अंगावरून ओघळून मातीत जिरत होतं. तिथे थांबता आलं असतं. आजही स्वप्नात मी तिथेच येते आणि मला वाटतं, आता "बस" म्हणावं, पण तोंडातून "और रगडो" असंच निघतं. त्या दिवशी तसंच निघालं होतं.

भात्याची धाप. निखारे लाल, मग पांढरे. सांडशीत धरून त्याने तिला आचेवर फिरवली, कणसासारखी. नवसागर टाकला तसा तो तिखट पांढरा धूर उठला, डोळ्यांत, घशात, माझ्या केसांत, वर माडीच्या खिडकीत. कथलाची कांडी लावली आणि कापसाच्या बोळ्याने एक हात असा फिरवला की तिच्या पाठीवर चंद्र उगवला. मग खांदा, मग गाल. मी टाळी वाजवली. हो, टाळी. गल्लीतली दोन माणसं बघायला थांबली.

थंड व्हायला मी तिला माडीच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवली. मामंजींना जाग आली होती.

"कल्हईवाला आला होता वाटतं?"

"हो. पातेल्यांना करून घेतली."

"छान केलंत."

संध्याकाळी जवळून बघितलं तेव्हा जरा धाकधूक झाली. पापण्यांच्या रेषा कथलाने बुजल्या होत्या, त्यामुळे ती झोपल्यासारखी दिसत होती. पायाशी कारागिराने फ्रेंच अक्षरांत काहीतरी कोरलेलं होतं. ते आमच्यापैकी कुणाला वाचता येत नव्हतं, पण होतं. ते भरून गेलं होतं. कानामागचा गुलाल नव्हता. तरी मी स्वतःला समजावलं की निदान विष गेलं.

सकाळी खाटेचा आवाज झाला. हात भिंतीला, चौकट, देवळी. आणि मग मी चुलीपाशी बसून बघितलं, मामंजींचा हात कोपऱ्यातल्या रिकाम्या तिवईवर, जिथे तिचं डोकं असायचं त्या उंचीवर, हवेत थांबला. बोटं जरा मिटली, उघडली. सत्तरीचा माणूस आपल्याच घरात वाट चुकलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

"मामंजी, खिडकीत ठेवलीय तिला. कोपऱ्यात ओल येते म्हणून." ओल! मालव्यात, चैत्राच्या तोंडावर!

मी त्यांना हाताला धरून नेलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हात मानेपर्यंत आला आणि थांबला. खांद्यावर गेलाच नाही. "बरं आहे ना" आलं नाही. ते म्हणाले, "असू दे. इथेच असू दे," आणि चौकाकडे जायला वळले, आणि मला त्यांचा हात धरावा लागला, कारण खिडकीपासून चौक कुठल्या बाजूला ते त्यांना पाठ नव्हतं.

तेव्हा मला कळलं. आरोग्यशास्त्रात नसलेलं सगळं तेव्हा कळलं.

सासूबाई देपालपुराहून आल्या, पिशवी हातातच होती, खिडकीकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

"अगं, ही काय पातेली आहे?"

मी हिरव्याचं सांगितलं, पोह्यांचं सांगितलं, आईचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग दबक्या आवाजात बोलल्या, "फरासखान्यात एका नोकराने असल्याच एका पुतळ्याला लिंबू लावलं होतं. हे त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. जेवलेसुद्धा नाहीत धड. आणि तू... अख्खी!" मग माझ्याकडे बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे, पदराने माझं नाक पुसलं. "रडू नको. यांना सांगायचं नाही. दिसत नाही ते एक देवाने बरंच केलंय म्हणायचं."

मग आम्ही दोघी बायका तिला पुन्हा काळी करायला लागलो. काय काय नाही केलं. चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवली. सकाळी तितकीच गोरी. कात लावला, हळद-चुना लावला, तर लग्नातल्या नवरीसारखी लाल झाली आणि धुतल्यावर परत पांढरी. शेवटी सासूबाईंनी समईची काजळी तेलात खलली आणि आम्ही ती नखशिखांत चोपडली. दुरून तर थेट जुनी वाटली. आम्ही एकमेकींचे हात धरले.

सकाळी मामंजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोच हात घेऊन येऊन पाटावर बसले. पाचही बोटं काळीकुट्ट. मी बशी हातात घेऊन उभी, सासूबाई डोळ्यांनी मला खुणावतायत, आणि मामंजींनी पहिला घास घेतला. पोह्यांवर काळे ठसे, ओठांवर, मिशीवर.

"आज पोह्यांना समईचा वास आहे," ते म्हणाले.

"देवापाशी केले ना," सासूबाई म्हणाल्या.

"मग प्रसादच." आणि बशी संपवली. सासूबाईंनी ओल्या फडक्याने त्यांचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, आणि मी मोरीत जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. त्यातलं रडणं कुठे सुरू झालं ते माझं मलाच कळलं नाही.

त्यानंतर आम्ही तिला काही लावलं नाही. करण्यासारखं उरलंच नव्हतं.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. माझं सासरचं पहिलं. कैरीची डाळ, पन्ह्यात वेलची, भिजवलेले हरभरे, अंगणात पाणी मारल्यावर उठलेला मातीचा वास, मोगऱ्याचे गजरे परातीत ओल्या फडक्याखाली. बायका माडीवर आल्या आणि आल्या त्या खिडकीपाशीच.

"अय्या, चांदीची केव्हा केली?"

"सूनबाईंच्या माहेरून आली असेल."

"कितीला पडली हो?"

सासूबाईंना खोकला आला. तो इतका मोठा आणि इतका वेळ होता की बायकांनी पन्हं पुढे केलं. पण आतल्या खोलीत मामंजी खाटेवर होते आणि दार उघडं होतं. त्यांच्या कानांना काही झालेलं नव्हतं. मी सगळ्यांना हळदकुंकू लावत होते आणि प्रत्येक कपाळागणिक माझा हात खाली खाली चालला होता. एकीच्या तर नाकाला लावलं.

मला वाटलं, आता रात्री बोलतील. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी एकच केलं. मला सांगून आपली खुर्ची खिडकीसमोर हलवून घेतली. तेव्हापासून सकाळचा फेरा संपला की ते तिथे बसायचे, तिच्याकडे तोंड करून, ऊन तापेपर्यंत. हात लावत नसत. बोलत नसत. गल्लीत फळ्या उघडायच्या, जिलबीचं तूप तापायचं, आणि ओसरीतून आता कुणीच कुणाला बरं आहे ना म्हणत नव्हतं. मी मागून जाता-येता त्यांची पाठ बघायचे. ज्याच्या घरी मयत झालीय असं माणूस बसतं तसे बसलेत, असं मला वाटायचं. रागावले असते, ओरडले असते, तर मी पाय धरले असते. पण शिव्या न देणाऱ्या माणसाची क्षमा कशी मागतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी वरणात मीठ मुद्दाम दोनदा घातलं, निदान त्यावरून तरी बोलतील. "बाणा आहे," म्हणाले.

मे महिन्यात ह्यांना भोपाळला क्वार्टर मिळाला.

टांगा दाराशी आला. सासूबाईंनी माझी ओटी भरली आणि उरलेली मूठ उठून घागरवालीच्या घागरीत टाकली. "दोघीही रिकाम्या नकोत." मी मामंजींना नमस्कार करायला माडीवर गेले. ते खुर्चीतच होते. सकाळचं पहिलं ऊन खिडकीतून आत येत होतं. प्रवासाचं म्हणून मी पांढरं, लाल काठाचं पातळ नेसले होते. वाकायच्या आधी मी खिडकीपाशी जाऊन तिच्या शेजारी क्षणभर उभी राहिले. तिला काय सांगायचं होतं ते आता आठवत नाही. मग त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि सांगायचं ठरवलेलं सगळं विसरून नुसतं म्हणाले, "मामंजी, माझं चुकलं."

ते काय म्हणाले ते शेवटी सांगते. पुढच्या थंडीत ते गेले. भोपाळहून आम्ही पोचलो तोवर सगळं झालं होतं. खुर्ची तशीच खिडकीकडे तोंड करून होती, आणि सासूबाईंनी ती कधीच हलवू दिली नाही.

आणि आता ती माझ्याकडे आहे, तिसऱ्या मजल्यावर, पलासियाच्या भोंग्यांच्या वर. नातीने तिचे फोटो काढून कुठल्या जाणकाराला पाठवलेत. त्याचा निरोप आला: मूळचा रंग कुणीतरी खरवडून वर कथील चढवलंय, फार वाईट काम, पण कथील उतरवून पुन्हा गडद करता येईल, अगदी पहिल्यासारखी.

"आजी, कुणी केलं असेल गं हे? किती स्टुपिड."

"असेल कुणीतरी. मॅट्रिक झालेली."

"मग देऊ ना त्याला? परत ब्राऊन करून देईल. पोचा पण काढतो म्हणाला."

"पोच्याला हात लावू नको म्हणावं. आणि रंगाचं माझ्यामागे करा."

"का पण?"

सहा महिन्यांपूर्वी इथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलंय की माझ्या पडद्याच्या मधोमध डाग आहे, तो वाढणार, आणि त्यावर त्यांच्याकडे काही नाही. तुम्ही समोर बसलात तर मला तुमचे कान दिसतात, चेहरा नाही. नातीचा चेहरा मी आठवणीतून लावते. मी तिला, त्या घागरवालीला, बाल्कनीच्या दारात ठेवायला लावलं आहे, सकाळचं ऊन येतं तिथे, आणि समोर माझी खुर्ची. नात म्हणते, आजी दिवसभर काय बघत असते कोण जाणे.

मामंजी खोटं किती सुंदर बोलायचे ते मी तुम्हाला आधीच सांगितलंय. तेव्हा हेही तसलंच होतं का, हे मी आयुष्यभर ठरवू शकले नाही. टांगेवाला खालून हाका मारत होता. मामंजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, डोक्यावरून मानेपर्यंत आणला आणि म्हणाले:

"नवसागराचा वास मला त्याच दुपारी आला होता, सूनबाई, आणि सकाळी हाताला कळलंच. रागवायचंही ठरवलं होतं. पण मग खिडकीत काहीतरी पांढरं उभं दिसलं. इतक्या दिवसांनी काहीतरी दिसलं हो. मघाशी तर दोन दिसली. त्यातली तुम्ही कोणती, तेवढं जाताना सांगून जा."